पैलवानांची पंचायत, मालकाची सोय

ज्या पिढीने शाळेच्या मधल्या सुट्टीत कुस्तीगीरांच्या चित्रांचे पत्ते खेळता खेळता त्यांची उंची, वजन आणि छातीचे आकडे तोंडपाठ केले, तिला ‘अंडरटेकर’ कोण हे सांगण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेतील वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कंपनीचा (२००२ पासून तिचे नाव वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट) हा अवाढव्य मल्ल १९९० पासून २०२० पर्यंत, बहुतेक काळ प्रेतांची अखेरची व्यवस्था लावणाऱ्याच्या वेशात, रिंगणात उतरत होता. त्याची दुसरी भूमिका मात्र पत्त्यांवर छापलेली नव्हती. पडद्यामागे, कपडे बदलण्याच्या खोलीत, तो न्यायाधीश होता.

या न्यायालयाला ‘रेसलर्स कोर्ट’ म्हणत. १९९० नंतरच्या दशकात आणि पुढेही काही वर्षे ते भरत असे. फिर्यादी, आरोपी, वकील असा सगळा थाट असे. पुढे ‘जेबीएल’ या नावाने गाजलेला जॉन लेफिल्ड पुष्कळदा फिर्यादी पक्षाची बाजू मांडी. नवख्याने खोलीत शिरताच ज्येष्ठांशी हस्तांदोलन केले नाही, पायरी सोडून वर्तन केले, असे अपराध तेथे चालत. सर्वांना मद्य पाजणे, थोरांच्या पेट्या वाहणे अशा शिक्षा होत. कित्येक खटले निव्वळ थट्टेचे असत, हे मान्य केले पाहिजे. लांबच्या प्रवासात आणि रोजच्या दुखण्यात जगणाऱ्या माणसांना विरंगुळा हवा असतो.

परंतु सगळीच थट्टा नव्हती. पुढे २०१० मध्ये याच कंपनीचा विजेता झालेल्या ‘द मिझ’ या मल्लाने आपली हकिकत जाहीरपणे अनेकदा सांगितली आहे. नवखा असताना तो ड्रेसिंग रूममध्ये कोंबडी खात होता आणि तिचे कण एका पंचाच्या पिशवीवर सांडले. एवढ्या कारणावरून त्याला खोलीबाहेर काढण्यात आले आणि सुमारे सहा महिने त्याला बोळात किंवा स्वच्छतागृहात कपडे बदलावे लागले. महाराष्ट्रातील वाचकाला या शिक्षेचे नाव शोधावे लागत नाही. वाळीत टाकणे ते हेच. पंचांनी बसायचे, दंड ठोठवायचा, दंडाच्या पैशांतून पंचांचीच मेजवानी व्हायची आणि न ऐकणाऱ्याचा हुक्कापाणी बंद करायचा, ही रीत जातपंचायतींच्या छळाविरुद्ध झगडलेल्या कार्यकर्त्यांनी जवळून पाहिली आहे. तिच्याविरुद्ध २०१६ साली राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला.

या प्रकाराकडे पाहताना डाव्या विचाराच्या माणसाला एक मोह पडण्याचा संभव आहे. कामगार आपले तंटे आपणच सोडवीत आहेत, मालकाच्या शिपायाला दाराबाहेर ठेवीत आहेत, हे श्रमिकांचे स्वशासन नव्हे काय? या मोहात थोडे तथ्यही आहे. व्यावसायिक कुस्तीतील निकाल आधी ठरलेला असतो. पडणे मात्र खरे असते. प्रतिस्पर्ध्याला डोक्यावर उचलून आपटणाऱ्याच्या हाती त्याची मान असते, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी आपली मान त्याच्या हाती द्यायची असते. निष्काळजी, उर्मट किंवा नशेत असलेला जोडीदार म्हणजे लकवा किंवा मृत्यू. अशा धंद्यात सहकाऱ्यांनी एकमेकांना शिस्त लावणे स्वाभाविक आहे. खाणीत आणि गोदीतही ते घडत आले आहे. प्रश्न असा की, ही शिस्त कोणत्या दिशेने वाहते? ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडे, की सर्वांकडून मालकाकडे?

याचे उत्तर शोधण्यासाठी या धंद्याचे अर्थकारण पाहावे लागते. या कंपनीचे मल्ल कायद्याने तिचे नोकर नाहीत; ते ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहेत. कोणत्या गावी कोणत्या रात्री लढायचे, कोणी जिंकायचे, कोणता वेश घालायचा हे कंपनी ठरवते. ज्या नावाने तो मल्ल ओळखला जातो, ते नावही बहुधा कंपनीच्या मालकीचे असते. इतके सारे असूनही तो ‘स्वतंत्र’! हॉटेल आणि भाड्याची मोटार यांचा खर्च वर्षानुवर्षे त्यानेच सोसला. अमेरिकेतील १९३५ च्या कामगार कायद्याने संघटनेचा व सामूहिक वाटाघाटीचा जो हक्क दिला, त्यातून १९४७ च्या दुरुस्तीने स्वतंत्र कंत्राटदार स्पष्टपणे वगळले गेले. २००८ मध्ये तिघा माजी मल्लांनी या वर्गीकरणाविरुद्ध कनेक्टिकट राज्यात दावा लावला; मुदतबाह्यता आदी कारणांवरून तो पुढील वर्षी निकालात निघाला.

मालकवर्गाने मात्र संघटनेचे महत्त्व फार आधी ओळखले होते. १९४८ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे प्रांतोप्रांतीच्या कुस्ती भरवणाऱ्यांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स स्थापन केली, इलाखे वाटून घेतले आणि डोईजड होणाऱ्या मल्लाला सगळीकडे काम नाकारण्याची सोय करून घेतली. १९५६ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याला मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तिला वेसण घालावी लागली. मजुरांच्या एकजुटीचा गवगवा होतो आणि मालकांची एकजूट मुकाट्याने चालते, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवले होते. वॉटर्लूची मंडळी त्याचे चांगले उदाहरण ठरतील. त्याहूनही जुन्या काळी काही प्रवर्तक आपल्या पदरी खऱ्या कुस्तीत तरबेज असा एखादा मल्ल बाळगीत. ठरलेला निकाल न मानणाऱ्याचा हातपाय पिरगाळून त्याला ताळ्यावर आणणे हे त्याचे काम, आणि धंद्याच्या बोलीत त्याला ‘पोलिसमन’ म्हणत. तेव्हा शिस्तीचा हा अंमलदार निदान मालकाच्या पगारावर होता. ड्रेसिंग रूमच्या न्यायालयाने हेच काम विनावेतन पत्करले.

शिक्षा देण्याची जागा केवळ खोली नव्हती, हा या धंद्याचा विलक्षण विशेष होय. कारखान्यात मुकादमाने कामगाराला मारले तर काम थांबते. येथे मारणे हेच काम आहे. म्हणून खरा तडाखा खोट्या तडाख्यांत सहज लपतो. २००४ मध्ये डॅनियल प्यूडर हा तरुण कंपनीच्या एका निवड-स्पर्धेत उतरला होता. नोव्हेंबरमध्ये अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता कर्ट अँगल याच्याशी रिंगणात अकल्पितपणे खरी झटापट झाली आणि प्यूडरने त्याचा हात पेचात पकडला. पंचाने घाईघाईने आकडे मोजून कुस्ती संपवली. प्यूडरने स्पर्धा जिंकली. जानेवारी २००५ मध्ये ‘रॉयल रम्बल’ या मोठ्या कार्यक्रमात तिघा ज्येष्ठ मल्लांनी पाळीपाळीने त्याच्या उघड्या छातीवर हाताचे सणसणीत तडाखे मारले आणि मग त्याला बाहेर फेकले. त्या धंद्यातील जाणकारांनी या प्रसंगाचा एकच अर्थ लावला. दहा लाख डॉलरच्या कराराचा गाजावाजा करून निवडलेला हा तरुण वर्षभराच्या आत कंपनीबाहेर गेला. रॅगिंग महाविद्यालयांतही होते, पण त्याची तिकिटे विकली जात नाहीत. येथे प्रेक्षकांनी पैसे मोजले आणि ते मालकाच्या गल्ल्यात जमा झाले.

या पार्श्वभूमीवर १९८६ मधील एक प्रसंग पाहावा. जेसी व्हेंचुरा हा मल्ल तेव्हा समालोचक झाला होता आणि चित्रपटातील नटांच्या संघटनेचे लाभ त्याला कळले होते. ‘रेसलमेनिया’चा दुसरा वार्षिक सोहळा तोंडावर आला होता. जाहिराती लागलेल्या, तिकिटे खपलेली. सौदा करण्यास याहून अनुकूल घडी मिळाली नसती. व्हेंचुराने ड्रेसिंग रूममध्ये सहकाऱ्यांपुढे संघटनेचा विषय काढला. लवकरच मालक व्हिन्स मॅकमहन यांचा त्याला दूरध्वनी आला. पुढे ध्वनिचित्रफितींच्या मानधनासाठी व्हेंचुराने कंपनीवर दावा लावला, १९९४ मध्ये ज्यूरीने आठ लाख डॉलरांहून अधिक रक्कम त्याला मिळवून दिली. व्हेंचुराने वारंवार सांगितल्याप्रमाणे, याच दाव्यातील शपथेवरच्या जबानीत मॅकमहन यांनी संघटनेची खबर देणाऱ्याचे नाव उघड केले. ते नाव त्या काळातील सर्वांत लोकप्रिय, सर्वाधिक मिळकतीच्या मल्लाचे होते: हल्क होगन. व्हेंचुरा पुढे मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला. होगन २०२५ मध्ये निवर्तला.

पिशवीवर कण सांडणे हा अपराध, हस्तांदोलन विसरणे हाही अपराध. संघटनेची बातमी मालकाच्या कानी घालणे हा अपराध त्या खोलीच्या संहितेत कधी गणला गेला नाही. आणखी एक खटला येथे विसरून चालणार नाही. कथानके लिहिणारा ब्रायन गेविर्ट्झ याला एकदा या न्यायालयापुढे उभे करण्यात आले. एज आणि ख्रिश्चन या दोघा मल्लांच्या भेटवस्तू स्वीकारून तो त्यांना झुकते माप देतो, असा आरोप होता. वस्तुतः कामाचे न्याय्य वाटप ही श्रमिकाची सर्वांत मूलभूत तक्रार आहे. प्रत्येकाच्या पोटाचा तो प्रश्न होता. संघटना असती तर ही तक्रार कंपनीच्या दारी लेखी गेली असती आणि वाटपाचे नियम मागितले गेले असते. तेथे मात्र ती एका लेखकाची फजिती होऊन संपली आणि वाटपाचा अधिकार होता तेथेच राहिला. एकजुटीला लागणारे सारे साहित्य त्या खोलीत होते: रोष, न्यायाची कल्पना, सामूहिक निर्णय, निर्णय अमलात आणण्याचे बळ. त्याचे तोंड तेवढे खाली वळवलेले होते.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास येथे आठवतो. जॉबर हा कामगारांतूनच वर आलेला, बहुधा गावचा, अडीअडचणीला कर्ज मिळवून देणारा. भरती त्याच्या हाती, खाडा त्याच्या मर्जीवर, आणि त्यासाठी दस्तुरी ठरलेली. कामगाराला तो ‘आपला’ वाटे हीच मालकाची सोय होती. १९२८ च्या सार्वत्रिक संपानंतर गिरणी समित्यांनी जॉबरच्या सत्तेला आव्हान दिले. पुढे १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने गैरवर्तन म्हणजे काय हे आधी लिहून ठेवण्याचे आणि कामगाराचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन घातले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने या तरतुदीसाठीची कामगारसंख्येची मर्यादा शंभरावरून तीनशेवर नेली. घरोघरी खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या तरुणाला तर ‘भागीदार’ म्हणतात. अमेरिकन मल्लाच्या ‘स्वतंत्र’पणाशी त्याचे नाते उघड आहे.

ड्रेसिंग रूमचे ते न्यायालय आता इतिहासजमा झाले आहे. भागबाजारात नोंदलेल्या आणि जाहिरातदारांवर अवलंबून असलेल्या कंपनीला असली शिस्त अडचणीची ठरू लागली. करारातील कलमे तेच काम अधिक स्वच्छपणे करतात. २०२१ मध्ये एका मुलाखतीत अंडरटेकरने, आजचे मल्ल मऊ झाले, जुन्या खोलीतील रांगडी माणसे गेली, अशी खंत व्यक्त केली. त्याला त्या माणसांची आठवण यावी हे समजण्यासारखे आहे. पण जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेला नेटफ्लिक्सशी दहा वर्षांचा, पाच अब्ज डॉलरांहून मोठा करार ना रांगड्यांच्या वाटाघाटीतून झाला, ना मऊ झालेल्यांच्या.

सप्टेंबर २०२० मध्ये, साथीच्या ऐन काळात, मल्लांनी इंटरनेटवरील इतर माध्यमांतून स्वतंत्रपणे पैसे मिळवू नयेत असा कंपनीने हुकूम काढला. स्वतंत्र कंत्राटदारांना! त्या वादात सापडलेल्या झेलिना व्हेगा या महिला मल्लाने १३ नोव्हेंबर रोजी ट्विटरवर आपला संघटनेला पाठिंबा असल्याचे एका ओळीत लिहिले. त्याच दिवशी तिचा करार संपुष्टात आल्याचे कंपनीने जाहीर केले. २०२१ मध्ये ती त्याच कंपनीत परतली. मल्लांची संघटना अजून झालेली नाही.