चिठ्ठ्यांचा डबा

परवा आमच्या वाचनालयाच्या बैठकीत चिठ्ठ्यांचा डबा बंद करायचं ठरलं. ठरलं म्हणजे पाचांपैकी तिघांनी हात वर केले. मी आणि देवघेवीचं काम बघणाऱ्या मॅडम विरोधात. मत विचारणं बंद करायचा निर्णय मतदानानं झाला, याची गंमत बैठकीत माझ्याशिवाय कुणालाच वाटली नाही. असो.

डब्याची हकीकत आधी सांगायला हवी. उमरीत आमचं वाचनालय लहानसं. दाराशी एक फळा होता, 'वाचकांची आवड' असा. ज्या दहा पुस्तकांची देवघेव जास्त, त्यांची नावं क्रमानं लिहायची. कल्पना माझीच होती आणि मला तिचा अभिमानही होता. वर्षभरानं लक्षात आलं की फळ्यावरची नावं हलतच नाहीत. 'मृत्युंजय', 'छावा', 'ययाति'... खडूनं लिहिण्याऐवजी रंगानं रंगवली असती तरी चाललं असतं. या पुस्तकांबद्दल माझी तक्रार नाही, मीही ती रात्र रात्र जागून वाचलीत. पण नवा सभासद यायचा, फळा बघायचा, पहिलं नाव मागायचा, आणि आम्ही ती आणखी एक देवघेव धरून नाव पुन्हा पहिलंच ठेवायचो. मराठवाड्यातल्या प्र. ई. सोनकांबळ्यांचं 'आठवणींचे पक्षी' आतल्या कपाटात धूळ खात पडलेलं. ज्यांनी हयात नांदेडात घालवली त्या कुरुंदकरांचं 'जागर' वर्षात तिघांनी नेलं. तिघेही परत करताना अर्धा तास वाद घालून गेले, पण फळ्याच्या हिशेबात ते नापास!

हा काही उमरीचा दोष नाही. 2006 साली अमेरिकेत सॅलगानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची 48 गाणी आणि चौदा हजारांवर माणसं. काहींना नुसती गाणी दाखवली. बाकीच्यांचे आठ गट केले आणि प्रत्येकाला आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं तो आकडा दाखवला. आकडा दिसला तिथं लोकप्रिय आणि दुर्लक्षित गाण्यांमधली दरी वाढली. शिवाय एका गटात वर गेलेलं गाणं दुसऱ्या गटात कुठल्या कुठं. फारच चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, फारच वाईट सहसा वर आलं नाही, पण मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीच्या चार माणसांच्या हातात. गाणी आकड्यांच्या क्रमानं मांडली तेव्हा तर हे आणखी वाढलं. म्हणजे आमचा फळाच की हो.

तेव्हा फळा पुसला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला फट पाडली. पुस्तक परत करताना एक चिठ्ठी: 'दुसऱ्याला वाचायला सांगाल का?' हो किंवा नाही, बस्स. किती जणांनी नेलं ते मोजायचं नाही, वाचलेल्यांपैकी किती जणांना ते दुसऱ्याला द्यावंसं वाटलं ते मोजायचं.

लगेच नवी पंचाईत. एका पुस्तकाच्या दोन चिठ्ठ्या आल्या, दोन्ही 'हो'. शंभर टक्के! आणि ऐंशीपैकी एकसष्ट जणांनी वाखाणलेलं पुस्तक त्याच्या खाली. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलंय, तेव्हा इथं जरा हात चालला. प्रत्येक पुस्तकाच्या खात्यावर आधीच पाच 'हो' आणि पाच 'नाही' आहेत असं धरायचं. मग दोनपैकी दोनवाला 12 पैकी 7 होतो, म्हणजे 58 टक्के. ऐंशीपैकी एकसष्टवाला 90 पैकी 66, म्हणजे 73. आणि वीसपैकी अठरा मिळवणारं कमी वाचलेलं पुस्तक 30 पैकी 23, म्हणजे 77 टक्के घेऊन दोघांच्याही वर बसतं. कमी माणसांचं मत ऐकायचं, पण दोन माणसांच्या मताला लोकमत म्हणायचं नाही, एवढाच याचा अर्थ. यात शोध माझा काही नाही, लाप्लासनं अठराव्या शतकात याच जातीची युक्ती सांगून ठेवलीय.

आणि मग तो प्रकार घडला. एका स्थानिक कवितासंग्रहाच्या अकरा चिठ्ठ्या आल्या. अकराही 'हो'. अक्षर एकच, शाई एकच, एका चिठ्ठीवर तर चहाचा डागही पुढच्या चिठ्ठीत उतरलेला. कोणाच्या, ते सांगत नाही, गाव लहान आहे. पण 2007 साली 'इंडियन आयडॉल'मधल्या प्रशांत तमांगसाठी दार्जिलिंगमध्ये वर्गणी गोळा करून एसएमएस पाठवले गेले होते, तिथं आमच्या कवींच्या अकरा चिठ्ठ्यांचं काय घेऊन बसलात? एका माणसाला हवी तेवढी मतं देता येतात म्हटल्यावर माणूस ती देणारच. उपाय सोपा होता: एक सभासद, एका पुस्तकाला एक चिठ्ठी. मॅडम सभासदाच्या कार्डावर खूण करतील, चिठ्ठीवर नाव नसेल.

पण बैठकीत सूर वेगळाच. "सर, कशाला हा कुटाणा करायलात? आपण तिघं-चौघं बसू अन् यादी लावून टाकू. लोकायला काय कळतंय?"

हे वाक्य मी आधीही ऐकलंय. साहित्य महामंडळानं 2018 साली संमेलनाध्यक्षाची निवडणूकच बंद केली, तेव्हा हेच वाक्य चांगल्या मराठीत बोललं गेलं होतं. निवडणुकीच्या काळात मतदार साधारण हजारभर, तेही संस्थांनी ठरवून दिलेले. गठ्ठा मतांची कुजबुज नेहमीची. चांगला लेखक मतं मागत फिरणार नाही हेही खरंच. 1992 साली कोल्हापूरच्या संमेलनाच्या वेळी इंदिरा संत हरल्या आणि रमेश मंत्री निवडून आले, याचा दाखला अजून दिला जातो. द्या की. पण इंदिराबाईंना वाचकांनी हरवलं का? वाचकांना मत होतंच कुठं? हजारभर माणसांच्या यादीनं केलेली चूक लोकशाहीच्या खात्यावर मांडायची आणि उपाय म्हणून यादी आणखी लहान करायची, हा कुठला हिशेब?

तुम्ही म्हणाल, नंतर नावं तर चांगली आली. आलीच. यवतमाळला अरुणा ढेरे, उस्मानाबादला दिब्रिटो, नाशिकला नारळीकर. 2022 मध्ये आमच्या शेजारी उदगीरला भारत सासणे अध्यक्ष होते तेव्हा मीही जाऊन आलो, आनंद झाला. पण निवडणारे आज शहाणे आहेत म्हणून उद्याही असतील, असं कुणी लिहून दिलंय? उद्या नाव चुकलं तर जाब कोणत्या आकड्यावर मागायचा?

मतं मागत फिरायला नको ना? मग फिरवू नका. महामंडळानंच पाच-सहा नावं, लेखकांची संमती घेऊन, पुढे ठेवावीत. राज्यात अनुदानित सार्वजनिक वाचनालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत. 1967 च्या कायद्यानं त्यांची दफ्तरं आहेत, सभासद नोंदलेले आहेत. त्या सभासदांना जी जी नावं पसंत असतील त्या सगळ्यांपुढे खूण करू द्या, एकच निवडायची सक्ती नको. दोन कवी उभे राहिले म्हणून कवितेची मतं फुटणार नाहीत. मोजणी संपेपर्यंत आकडा कुणाला दाखवू नका, संपल्यावर प्रत्येक वाचनालयाचा आकडा भिंतीवर लावा. खोट्या सभासदांची भीती आहे, मान्य. पण अकरा हजार ठिकाणी गठ्ठे बांधायचे म्हणजे हजार माणसांना गाठण्यापेक्षा नक्कीच जास्त कष्ट.

आमच्या त्रिमूर्तीनं लावलेली यादी आता दाराशी आहे. पहिलं नाव 'मृत्युंजय'. चौथ्या नंबरावर अकरा चिठ्ठ्यांचा कवितासंग्रह.

डबा मी घरी आणून ठेवलाय. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हा विषय मी पुन्हा मांडणार आहे, आणि मॅडमनी सभासदांच्या सह्या गोळा करायला घेतल्यात. तोवर ज्यांना चिठ्ठी टाकायचीय त्यांनी संध्याकाळी घरी यावं. येताना सभासद कार्ड आणा, त्याशिवाय चिठ्ठी मिळणार नाही. चहा मिळेल.