शाळेचा उपयोग मोजायचा कोणत्या मापाने?

अल्लीपूर (जि. वर्धा) - वीस किंवा त्याहून कमी पटसंख्येच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव राज्याच्या शिक्षण विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये मागविले, तेव्हा त्याला मोठा विरोध झाला. अशा निकषाची झळ हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या मोठ्या गावापेक्षा आडवळणाच्या वस्त्यांना अधिक बसते. मात्र त्यामागील प्रश्न साऱ्याच शाळांचा आहे. शिक्षणाचे मोल केवळ आकड्यांनी ठरवायचे काय?

हाच प्रश्न चार्ल्स डिकन्स यांनी १८५४ मध्ये ‘हार्ड टाइम्स’ या कादंबरीत उपस्थित केला होता. अधिकाधिक लोकांचे अधिकाधिक सुख हे बेंथम यांच्या उपयुक्ततावादाचे सूत्र. या विचाराने इंग्लंडमधील अनेक सुधारणांना चालना दिली, हे मान्यच करावे लागेल. परंतु त्याचा कोरडा जमाखर्च झाला की काय घडते, ते डिकन्स यांनी दाखविले. ग्रॅडग्राइंड यांच्या शाळेत, सर्कशीतील घोड्यांमध्ये वाढलेल्या सिसीला घोड्याची व्याख्या सांगता येत नाही. बिट्झर हा विद्यार्थी मात्र दातांच्या संख्येसह ती घडाघडा म्हणतो. पुढे ग्रॅडग्राइंड यांच्याच मुलाला पकडून देण्यास बिट्झर सरसावतो. जुन्या ऋणानुबंधाची आठवण करून देताच, शाळेचे शुल्क भरले होते, व्यवहार तेव्हाच संपला, असे तो सुनावतो.

सिसीचे घोड्याशी जे नाते, तेच या परिसरातील मुलांचे कापसाशी आहे. वेचणी, बोंडअळी, बाजारभावाची चढउतार हे सारे ती घरीच पाहतात. परीक्षेत मात्र काळी मृदा आणि पर्जन्यमान लिहिले की गुण मिळतात.

ही दरी सांधण्याचा प्रयत्न याच जिल्ह्यात झाला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने ‘नई तालीम’चा आराखडा तयार केला. टकळीवरील सुताच्या आधारे गणित, कापसाच्या आधारे भूगोल, अशी ती कल्पना होती. तीही उपयोगाचाच विचार करणारी होती. मुलांनी तयार केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, या अपेक्षेवर तेव्हाच आक्षेप घेतले गेले. शिकणारे मूल कमावते मजूर होण्याचा धोका त्यात होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस आणि स्थानिक कारागिरांकडून शिक्षण सुचविले आहे. वर्षातील हे दहा दिवस सोडले, तर उरलेले वर्ष गुणांच्या हिशेबातच जाणार, हे उघड आहे.

तरीही आकडे टाकून देता येणार नाहीत. किती मुलांना वाचता येत नाही, हे मोजल्याविना कळत नाही. शिकून नोकरी मिळेल काय, असे विचारणारा कापूस उत्पादक पालकही चुकत नाही. पावसावर अवलंबून असलेल्या संसारात तो प्रश्न पोटाचा आहे. परंतु पालकाची निकड आणि शासनाचा निकष एक असू शकत नाहीत. बारा मुलांची शाळा बंद करताना वाचलेला खर्च कागदावर दिसतो. दूरच्या शाळेत न पाठविलेली मुलगी त्या हिशेबात कोठेच येत नाही. पटसंख्येच्या शेजारी तिचाही रकाना असल्याशिवाय निर्णय घेतला जाऊ नये, एवढी तरी दक्षता आवश्यक आहे.