साठीनंतर गोवा? आधी नांदूरला जाऊन या!

ऑफिसात कुणालाही विचारा, 'रिटायर झाल्यावर काय करणार?' उत्तर ठरलेलं. 'गोव्यात छोटंसं घर, समोर झाडं, हातात कॉफी. बस्स, बॉस!' अप्रायझलचा मेल आला की हे घर आणखी एका खोलीनं मोठं होतं. पण त्या घरात एखाद्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता आपण नेमकं काय करत असू, हे कुणीच सांगत नाही. ईएमआयचं एक्सेल शीट सगळ्यांकडे तयार असतं, रिकाम्या दिवसाचं कुणाकडेच नाही.

तर मंडळी, ज्यांनी हे स्वप्न खरंच जगून बघितलंय, त्यांच्याकडे जरा बघूया. डिसेंबर-जानेवारीत गोव्याला गेलात, तर एकदा पहाटे उठा. बागा-हडफड्याच्या मागची शेतं किंवा करमळीचं तळं गाठा. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी आणि खिशात छोटी वही घेतलेले परदेशी आजी-आजोबा तिथे दिसतात. त्यांच्या देशात या दिवसांत दुपारी चारलाच अंधार पडतो, म्हणून ते इकडे येतात. आपलं पार्टीवालं गोवा झोपायला जातं, त्याच वेळी यांचं गोवा उठतं.

त्यांचा दिवस अगदी साधा असतो. उजाडल्यापासून नऊपर्यंत पक्षी. ऊन चढलं की घर, बाजार, मासळी. दुपारी पंख्याखाली आडवं व्हायचं, लाइट गेली तर व्हरांड्यात. संध्याकाळी पुन्हा एक फेरी आणि मग दिवसभराची यादी वहीत उतरवायची. पावसाळ्यातही मुक्काम ठोकणाऱ्यांना वेगळंच टेन्शन. दमट हवेत दुर्बिणीच्या काचांना बुरशी लागते, म्हणून दुर्बीण बंद डब्यात आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या! आपल्याकडे खास रिटायरमेंट व्हिसा असा नाही, त्यामुळे बरेच जण थंडीत येतात आणि उन्हाळ्याआधी परततात. अमेरिकेत हिवाळ्यात फ्लोरिडाला पळणाऱ्या पेन्शनरांना 'स्नोबर्ड्स' म्हणतात, ते उगाच नाही.

पण काही जण नुसते ऊन खाऊन जात नाहीत. ऑस्ट्रियाचे हाइन्झ लायनर हणजूणला राहिले आणि वर्षानुवर्षं गोव्यातले पक्षी नोंदवत गेले. 1999 साली त्यांची गोव्याच्या पक्ष्यांची सविस्तर सूची प्रसिद्ध झाली आणि 2013 साली राहुल अल्वारिस यांच्यासोबतचं पुस्तक. ज्या किनाऱ्यावर आपण फोटो काढून परत येतो, तिथे कुठला पक्षी कधी येतो हे एका बाहेरून आलेल्या माणसानं टिपून ठेवलं. परकं गाव आपलं करायचा हा फंडा मला भारी वाटतो. सातबारा नावावर नसला तरी चालतं, नावं माहीत असली की झालं.

यात आपल्या नाशिकचा काय संबंध? अहो, भूगोलाचं पुस्तक आठवा. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, नाशिक वीस अंशांवर. म्हणजे आपण उष्ण कटिबंधातच राहतो, फक्त इथे समुद्र नाही. आणि परदेशातून परतलेले पेन्शनर इथेही आहेत.

आमच्या ओळखीतले एक काका आखातात सव्वीस वर्षं नोकरी करून गंगापूर रोडला राहायला आले. पहिले सहा महिने बँक, केवायसी, डॉक्टर आणि मुलांचे व्हिडिओ कॉल. मग सगळी कामं संपली. 'कामं संपली तेव्हा घाबरलो बघ,' ते म्हणाले. 'नाशिक माझं होतं, पण मी नाशिकचा उरलो नव्हतो. जुने मित्र पांगलेले, रस्ते ओळखू येईनात. सकाळी पेपर वाचून झाला की दिवस अंगावर यायचा.'

त्यांची सुटका केली ती पार्किंगमध्ये शेपूट खालीवर करत फिरणाऱ्या एका पांढऱ्या-करड्या पक्ष्यानं. वॉचमन म्हणाला, 'धोबी आहे साहेब, थंडीत येतो.' काकांना एकदम आजीच्या तोंडचा शब्द आठवला. मग एकेक करत दयाळ, कोतवाल, खंड्या, भारद्वाज, शिंजीर अशी लहानपणीची नावं परत आली. पुढे दुर्बीण आली, पाठोपाठ रविवारचा ग्रुप. मी विचारलं, 'काका, यातून नेमकं काय मिळालं?' ते हसले. 'अगं, सव्वीस वर्षं मी एसीत बसून कॅलेंडरवर ऋतू बघितले. आता धोबी दिसला की म्हणतो, थंडी आली. आणि खरं सांगू? एखाद्या रविवारी गेलो नाही, तर सातच्या आत कुणीतरी फोन करून विचारतं, काका, बरे आहात ना?'

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपले आई-बाबाही याच वयाकडे निघालेत, नाही का? त्यांचा फोन आला नाही, तर सातच्या आत कोण विचारणार?

काकांचा ग्रुप जातो नांदूर मध्यमेश्वरला. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला, तो शेतीला पाणी द्यायला. पुढे त्यात गाळ साचला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या. बंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटा, पण पक्ष्यांना अशीच जागा हवी असते. 1986 साली इथे अभयारण्य झालं आणि 2019 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. इथे 240 हून जास्त जातींचे पक्षी नोंदले गेलेत. थंडीत लडाख आणि मध्य आशियाकडून चक्रवाक येतात. थापट्या आणि तलवार बदकं त्याहूनही लांबून. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा पक्षी थव्यानं पोहताना दिसला, तर त्याचं नाव ओळखा बघू? वारकरी! हे खरे स्नोबर्ड्स. व्हिसा नाही, ब्रोकर नाही, थंडी संपली की गुपचूप परत.

आता सिरियस गोष्ट. 'दुर्बीण साठीनंतर घेऊ' म्हणणाऱ्यांसाठी. 2023 साली देशातल्या पक्ष्यांचा एक मोठा अहवाल आला. सुमारे तीस हजार हौशी पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटींहून जास्त नोंदींवर तो उभा आहे. ज्या 338 जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यातल्या 204 कमी झाल्यात. सगळ्यात जास्त फटका बसलेल्यांत शिकारी पक्षी, चिखलात चरणारे स्थलांतरित पक्षी आणि बदकं आहेत, म्हणजे नांदूरची नेहमीची पाहुणेमंडळीच. आज तुम्ही अठ्ठावीसचे असाल, तर साठीला बत्तीस वर्षं आहेत. पेन्शन प्लॅन तोवर मॅच्युअर होईल, पण थापट्या तेव्हाही येईल याची गॅरंटी कोण देणार?

शिवाय हे वेड साठीला अचानक लागत नाही. मारुती चितमपल्ली 1990 साली वनखात्यातून निवृत्त झाले, पण जंगल बघणं, लिहिणं, पक्ष्यांची नावं गोळा करणं नोकरीतच सुरू होतं. 2025 साली ते गेले. त्यांचा 'पक्षिकोश' मात्र आपल्यासाठी आहे. निवृत्तीनंतर त्यांना वेळ मिळाला, आवड आधीपासूनच होती.

तेव्हा सुरुवात करायची तर अशी:

दुर्बीण 8 बाय 42 ची घ्या. 8 म्हणजे पक्षी आठपट जवळ, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. यापेक्षा मोठ्या पॉवरची नको, हात थरथरला की चित्रही थरथरतं.

नांदूरला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, उजाडायच्या आत पोचा. निफाडची थंडी ही चेष्टा नाही, स्वेटर घ्याच. भडक टीशर्ट आणि ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा.

गावातल्या गाइडला सोबत घ्या. आपल्याला जिथे नुसतं गवत दिसतं, तिथे त्याला चार पक्षी दिसतात.

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते आणि फेब्रुवारीत घरच्या घरी करायची पक्षीमोजणी. दुसरीला पंधरा मिनिटं, एक बाल्कनी आणि मोबाइलवर ई-बर्ड अॅप पुरतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीत एक सीट आई किंवा बाबांसाठी ठेवा. निम्म्या पक्ष्यांची मराठी नावं त्यांना आधीच माहीत असतील. आपण फक्त विचारलेलं नसतं.