‘प्लीज्ड’ म्हणजे राजी

इंग्रजी पत्रांतील ‘वी आर प्लीज्ड टू...’ ही सुरुवात आपल्या पेढ्यांवर आता नित्याची झाली आहे. शाळेत ‘प्लीज्ड’चा अर्थ ‘आनंदित’ असा शिकविला जातो. तो चुकीचा नव्हे, अपुरा आहे. पुरा अर्थ हवा असेल तर तो नंदुरबारच्या बाजारपेठेतच सापडतो. येथे एकाच गादीवर मराठी आणि गुजराती दोन्ही चालतात. गुजरातीत ‘हुं राजी थयो’ म्हणजे मला आनंद झाला. मराठीत ‘मी राजी आहे’ म्हणजे माझी तयारी आहे. शब्द मूळचा अरबी, एकच. ‘प्लीज्ड’मध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

पुढे ‘विथ’ आले की समाधान समजावे: ‘प्लीज्ड विथ द क्वालिटी’, म्हणजे माल पसंत पडला. पुढे ‘टू’ आले की बहुधा संमती. ('प्लीज्ड टू मीट यू' हा निव्वळ शिष्टाचार, तो वेगळा.) संविधानाच्या अनुच्छेद ३१० मधील राष्ट्रपतींचे ‘प्लेझर’ हे तर आनंद नव्हेच, मर्जी आहे. आपल्या ‘राजीनामा’ शब्दाचेही तसेच. मुंबई इलाख्याच्या महसूल व्यवहारात जमीन सोडणारा राजीनामा लिहून देई आणि घेणारा कबुलायत. सोडणारा आनंदात असे, असे कोण म्हणेल?

बँकेच्या सेवेत असताना एका मिरची व्यापाऱ्याला आलेले पत्र मी पाहिले होते. आरंभीच ‘वी आर प्लीज्ड टू इन्फॉर्म यू’. गृहस्थांनी त्याच दिवशी गोदामाचा इसार दिला. पुढच्या ओळीत शब्द होता ‘एलिजिबल’, म्हणजे पात्र, ‘सँक्शन्ड’ नव्हे. तारण आणि जामीनदार यांच्या अटी त्याखाली होत्या. त्या हंगामात कर्ज मिळाले नाही आणि इसार बुडाला. बँक केवळ कळविण्यास राजी होती, देण्यास नव्हे! ‘टू’नंतरचे क्रियापद वाचल्याशिवाय खिशात हात घालू नये.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. आपली मुले ग्राहकांना सौजन्याने ‘वी आर प्लीज्ड टू सप्लाय’ असे लिहितात. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २ ‘प्रस्तावा’ची व्याख्या ‘विलिंगनेस’ याच शब्दाने करते, म्हणजे पुन्हा राजीपणाच. माल, नग आणि भाव लिहून असे पत्र गेले व समोरच्याने ते जसेच्या तसे स्वीकारले, तर भाव चढल्यावर मागे फिरणे कठीण. म्हणून भाव किती दिवसांपुरता आहे, हे त्याच पत्रात लिहावे. केवळ सौजन्यच दाखवायचे असेल, तर ‘थँक यू फॉर युवर एन्क्वायरी’ पुरेसे आहे.