वांग्याची जाहीर सुनावणी



आपल्या घरांत वांग्याला भारी मान. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानं परत ताटात येतं. आणि इथं धारवाडकडं ज्वारीच्या भाकरीबरोबर एण्णगाई असली की दुसरं काही लागत नाही. याच वांग्यावरून पंधरा-सोळा वर्षांपूर्वी देशभर मोठा वाद झाला होता. तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण शाळेत असतील. आज तो सांगते, कारण त्या वादाचा एक धागा आपल्या धारवाडातून जातो.

मी राहते बेलूरला. औद्योगिक वसाहतीकडून धारवाडात येताना वाटेत कृषी विद्यापीठ लागतं. जालन्याच्या महिको कंपनीनं वांग्यात एका जिवाणूचं जनुक घालून बीटी वांगं तयार केलं होतं. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ते खाते आणि मरते, त्यामुळं औषधाच्या फवारण्या कमी व्हाव्यात, हा उद्देश. आपल्या विद्यापीठानं हेच जनुक स्थानिक वाणांत आणायचं काम हाती घेतलं. मांजरी गोटा, कुडची, उडुपीकडचं मट्टू गुळ्ळ ही त्यातली काही नावं. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, या वाणांचं बी मात्र शेतकऱ्याला घरी राखता आलं असतं. म्हणजे हेतू वाईट नव्हता.

मग अडलं कुठं? हे वांगं खायला सुरक्षित आहे का, याच्या चाचण्या कंपनीनं केल्या होत्या, पण त्यांचे तपशील लोकांपुढं नव्हते. २००६ मध्ये ग्रीनपीस या संस्थेनं माहितीच्या अधिकारात ते मागितले. कंपनीचा विरोध होता. प्रकरण माहिती आयोगाकडं आणि पुढं न्यायालयात गेलं, आणि २००८ मध्ये ते कागद खुले झाले. मग देशातल्या आणि परदेशातल्या स्वतंत्र शास्त्रज्ञांना ते तपासता आले. काहींनी चाचण्या पुरेशा नाहीत म्हटलं, काहींनी पुरेशा आहेत म्हटलं. पण वाद आता निदान कागद समोर ठेवून होऊ लागला.

१४ ऑक्टोबर २००९ ला केंद्राच्या समितीनं बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मात्र लगेच सही केली नाही. १३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०१० या काळात कोलकात्यापासून बेंगळूरपर्यंत सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या. त्यात आपलं नागपूरही होतं. शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, ग्राहक संघटना, गृहिणी असे हजारो लोक आले. घोषणाबाजी झाली, गोंधळही झाला. कर्नाटकासह अनेक राज्य सरकारांनी चिंता कळवली. ९ फेब्रुवारीला मंत्र्यांनी निर्णय स्थगित ठेवला आणि का ठेवला, याचा लांबलचक अहवालही सगळ्यांसाठी खुला केला. त्याच वर्षी त्या समितीच्या नावातला ‘मंजुरी’ हा शब्द जाऊन तिथं ‘मूल्यांकन’ आला. एका शब्दाचा बदल, पण समितीचं काम शिक्का मारण्याचं नाही, तपासण्याचं आहे, असं त्यातून सांगितलं गेलं.

आणखी एक प्रश्न बेंगळूरच्या एन्व्हायर्न्मेंट सपोर्ट ग्रुपनं काढला. स्थानिक वाण वापरण्याआधी २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं परवानगी घेतली होती का, अशी तक्रार त्यांनी केली. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी जपलेलं बी कोणाचं, या गोष्टीची चर्चा त्यानंतर जास्त होऊ लागली.

आता दुसरी बाजूही ऐका. बांगलादेशानं याच तंत्रज्ञानाच्या वांग्याला २०१३ मध्ये परवानगी दिली आणि तिथं ते पिकतंय. आपल्या महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तर उलटं आंदोलन केलं. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरून, ‘आम्हाला तंत्रज्ञान निवडू द्या’ अशी मागणी केली. तीही लोकांचीच संघटना. म्हणून ‘संस्था म्हणजे विरोध’ असं समजू नका.

मला विचाराल तर वांगं थांबलं की आलं, यापेक्षा कागद उघडे झाले, हे मला मोठं वाटतं. खंत एवढीच की स्थगितीनंतर पुढच्या चाचण्या करून ठाम निर्णय व्हायला हवा होता, तो राहिला. अळी आहे तिथंच आहे, शेतकरी फवारतोच आहे आणि ते वांगं आपण खातोच आहोत. प्रश्न विचारणाऱ्यांनी उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावाही करायला हवा.

ही गोष्ट जुनी झालेली नाही. २३ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात जनुक बदललेल्या मोहरीच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, पण अशा पिकांबाबत राष्ट्रीय धोरण ठरवावं आणि त्यासाठी सर्व संबंधितांशी सल्लामसलत करावी, असं दोघांनीही सरकारला सांगितलं. संबंधितांत शेतकरी येतो, तसे खाणारे आपणही येतो.

तुमच्यात कुणी इंजिनियर आहे, कुणी बायोटेक शिकतंय, कुणाच्या घरी अजून शेती आहे. सरकारी मसुद्यावर ‘हरकती व सूचना’ मागवतात, तेव्हा तो वाचून दोन ओळी तरी पाठवा. माहितीच्या अधिकारात केंद्र सरकारकडं अर्ज करायला दहा रुपये लागतात. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही येणाऱ्या मुलांनी गावातल्या शेतकऱ्याचं म्हणणं लिहून दिल्लीला कळवलं, तर आपल्या मंडळाच्या हातून एक चांगलं काम होईल. पुढच्या बैठकीत हा विषय घेऊ या. येताना प्रश्न घेऊन या, एण्णगाई मी आणते.