गिझरलाही हवा लागते

मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन नागपूरकर दुपट्टा बांधून सोसतो, पण डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला की त्याची त्रेधा उडते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहरात ३.५ अंशांची नोंद झाली होती, तो गारठा अजून अनेकांच्या लक्षात असेल. अशा सकाळी बऱ्याच घरांत एकच उद्योग चालतो. बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा लावायचा, दाराखालच्या फटीत पायपुसणं सारायचं, आतून कडी घालायची आणि भिंतीवरचा गॅस गिझर सुरू करायचा. थंडी आत येऊ नये, ऊब बाहेर जाऊ नये आणि गॅसही वाचावा, हा हेतू. यातला गॅस तर वाचत नाहीच, जीव मात्र धोक्यात येतो.

आपल्या आजोबांच्या घरी पाणी तांब्याच्या बंबात तापायचं. बंब परसात नाही तर अंगणाच्या कोपऱ्यात असायचा, त्याच्या पोटातून वर नळी गेलेली असायची आणि धूर आकाशात जायचा. पाणी बादलीत काढून न्हाणीत न्यायचं. बंबासोबत कोणी कडी लावून आंघोळ करत नव्हतं. गॅस आला, धूर दिसेनासा झाला आणि आपण तो बंब न्हाणीत आणून ठेवला. गॅस गिझर म्हणजे काड्यापेटी न लागणारा बंबच आहे, हे मात्र विसरलो.

या यंत्राची भूक किती असते, ते पाहा. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. स्वयंपाकघरातल्या शेगडीचे पाच-सहा मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं हे आहे. एक ग्रॅम गॅस नीट जळायला साधारण साडेपंधरा ग्रॅम हवा लागते. म्हणजे गिझर मिनिटाला सुमारे दोनशे लिटर हवा ओढतो. पाच बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवाच सहा-सात हजार लिटर. सगळ्या फटी बुजवून दहा मिनिटं शॉवर घेतला, तर त्या खोलीतल्या ऑक्सिजनचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त संपतो. आणि तो संपेपर्यंत बर्नर शहाण्यासारखा जळत राहत नाही. ऑक्सिजन कमी पडू लागला की कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

अर्धवट जळणं म्हणजे पैसाही अर्धवट वसूल होणं. कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर जेवढी उष्णता मिळते, त्याच्या जेमतेम पाव हिस्सा तो मोनॉक्साइडवर थांबला तर मिळतो. घरगुती गिझरमध्ये ही नासाडी रुपयांत फार मोठी नसेल, पण ज्योत निळीची पिवळी झाली, गिझरच्या तोंडाशी काजळी दिसू लागली, तर काटकसर आणि सुरक्षितता दोन्ही एकदमच बिघडल्या आहेत, असं समजावं.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर जो वास येतो, तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा. गॅस जळताना ते रसायनही जळून जातं. त्यामुळे ‘वास आला असता तर कळलं असतं’ हा भरवसा इथे कामाचा नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. कडी समोर दिसत असते, पण हात उचलत नाही. म्हणूनच माणूस दारापाशी पडलेला सापडतो. लहान मुलं, हृदयविकाराचे रुग्ण आणि गर्भवती यांना हा धोका अधिक. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन तर या वायूला आणखी घट्ट धरून ठेवतं.

इवल्याशा जागेत गॅसवर पाणी तापवायचं तरी कसं? याचं चांगलं उत्तर अमेरिकेतल्या फिरत्या घरांत सापडतं. मोटारीमागे जोडून नेण्याच्या त्या डब्यातलं न्हाणीघर आपल्यापेक्षाही लहान, आणि पाणी तापतं प्रोपेनवर. पण तिथला गिझर बाहेरच्या भिंतीत बसवलेला असतो. त्याची जाळी बाहेर उघडते, तो हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. आत येतात फक्त पाण्याच्या नळ्या आणि एक बटण. शिवाय मोनॉक्साइडची घंटा लावलेली असते ती वेगळीच. सिलिंडर आणि पाणी दोन्ही मोजकंच असल्याने ही मंडळी अंग ओलं करतात, नळ बंद करतात, साबण लावतात आणि मग पुन्हा नळ सोडतात. आपली बादली-मग्ग्याची पद्धत याहूनही सरस आहे, पण फ्लॅटमध्ये राहायला गेलो की आपल्याला तिचीच लाज वाटू लागते.

बादलीचा हिशेब मांडून पाहू. वीस लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला, गिझरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ५७ ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अशा सुमारे अडीचशे बादल्या होतात. चार माणसांच्या घराला हा सिलिंडर दोन महिने पुरेल. तेच चौघे रोज दहा-दहा मिनिटं शॉवर घेऊ लागले, तर तीन आठवड्यांत संपेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी पहाटेऐवजी दुपारी बाराला आंघोळ केली तर आणखी बचत होते. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तोवर उन्हाने सात-आठ अंशांनी तापलेलं असेल, तर गॅस जवळपास एक तृतीयांशाने कमी लागतो. आमच्याकडचं हिवाळ्यातलं ऊन इतकं स्वच्छ असतं की सौर बंबाला याहून चांगलं गाव शोधावं लागेल. पण गच्ची सामाईक असली की फ्लॅट स्कीममध्ये त्यावर एकमत होत नाही, तो वेगळा लेख होईल.

बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांच्या गिझरच्या नळ्यांत क्षार साचतात. मग तेवढंच पाणी तापायला जास्त गॅस जातो. थंडीच्या आधी एकदा बर्नर आणि नळ्या साफ करून घ्या. पेटताना ‘भप्प’ असा आवाज येत असेल, तर आधी सेल बदला. तरीही आवाज आला तर मेकॅनिकला बोलवा.

माझं मत स्पष्ट आहे. गॅस गिझर आणि त्याचा सिलिंडर बाथरूममध्ये असूच नये. एक्झॉस्ट पंखा लावला की झालं, हेही खरं नाही. खालून हवा यायला वाटच नसेल तर पंखा नुसता फिरत राहतो. गिझर हलवणं लगेच जमत नसेल, तर दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, दोन-चार मिनिटं थांबा आणि मगच आत जा. मागून दुसऱ्याने आंघोळीला जायचं असेल तर तोच क्रम पुन्हा. झरोक्याचा पुठ्ठा आजच काढा.

कोणी आत पडलंच, तर दार तोडा, श्वास रोखून गॅस बंद करा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. करोनाकाळात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून ‘९८ दाखवतोय, म्हणजे ठीक आहे’ असं म्हणू नका. मोनॉक्साइडने व्यापलेलं हिमोग्लोबिनही त्या यंत्राला ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. मेडिकलला न्या, मेयोला न्या की जवळच्या दवाखान्यात, डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा : ‘बाथरूममध्ये गॅस गिझर सुरू होता.’ ते सांगायचं राहिलं तर फेफरं, चक्कर, हृदयाचा झटका अशा वाटांनी तपास भरकटतो आणि ऑक्सिजन उशिरा मिळतो.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना घरमालक म्हणतात, ‘आधीचे लोकही असेच राहत होते.’ त्यांना सांगा, गिझर भिंतीपलीकडे उघड्या गॅलरीत न्यायला चार फूट पाइप, भिंतीला एक भोक आणि प्लंबरचा अर्धा दिवस लागतो.