परमुलखांत जपलेला वारसा

जन्मभूमि सोडून परमुलखांत कायमची वस्ती करणाऱ्या लोकांनीं आपली भाषा, आपला पोशाख व आपलीं गाणीं टाकून द्यावीं कीं जपावीं, हा प्रश्न पुष्कळ देशांत वादाचा झाला आहे. त्याचा विचार करतांना अमेरिकेंतील स्लोव्हाक लोकांचें उदाहरण आम्हांस फार बोधप्रद वाटतें.

स्लोव्हाकिया हा मध्य युरोपांतील डोंगराळ देश पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हंगेरीच्या राज्यांत मोडत असे. हंगेरीच्या सरकारनें १८७४ सालापासून स्लोव्हाक भाषेच्या माध्यमिक शाळा बंद केल्या, आणि १८६३ सालीं स्थापन झालेली ‘मातित्सा स्लोव्हेन्स्का’ ही भाषासंवर्धक संस्थाही १८७५ सालीं बंद पाडली. पुढें मुख्यतः गरिबीमुळें लक्षावधि स्लोव्हाक अमेरिकेस गेले. पेन्सिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणींत व पिट्सबर्गच्या पोलादाच्या कारखान्यांत त्यांनीं काबाडकष्ट केले. परंतु त्याच तुटपुंज्या मजुरींतून त्यांनीं उपासनामंदिरें बांधिलीं, स्वभाषेंत वर्तमानपत्रें काढिलीं, आणि १८९० सालीं पिट्सबर्ग येथें ‘नॅशनल स्लोव्हाक सोसायटी’ स्थापून एकमेकांच्या संकटांत साहाय्य करण्याची सोय केली.

या कष्टाळू लोकांच्या वारशाचा उत्सव पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ४२ मजली इमारतींत प्रतिवर्षीं नोव्हेंबर महिन्यांत भरतो. अशा उत्सवांत ‘क्रोय’ नांवाचे कशिद्याचे पोशाख दिसतात, लोकनृत्यें होतात, बटाट्याच्या ‘हालुश्की’चा स्वाद घेतां येतो. स्लोव्हाक मेंढपाळांचा ‘फुयारा’ नांवाचा, माणसाच्या उंचीइतका लांब व तीनच छिद्रांचा पांवा तर २००५ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या श्रेष्ठ ठेव्यांत गणला.

कित्येक म्हणतात, नव्या देशाचें अन्न खावें आणि जुन्या देशाचे गोडवे गावे, ही कृतघ्नता होय. आम्हांस हें मत ग्राह्य वाटत नाहीं. मे १९१८ मध्यें याच पिट्सबर्ग शहरीं चेक व स्लोव्हाक स्थलांतरितांच्या प्रतिनिधींनीं मासारिक यांच्याशीं विचारविनिमय करून दोन्ही लोकांच्या संयुक्त स्वतंत्र राष्ट्राचा करार केला. आणि त्याच वेळीं त्यांचे तरुण अमेरिकेच्या सैन्यांतही दाखल झाले होते. जो आईस विसरत नाहीं, तोच आश्रय देणाऱ्याचेंही ऋण जाणतो.

तथापि उत्सवावरच संतुष्ट राहण्यांत एक मोठा धोका आहे. वर्षांतून एक दिवस क्रोय घालून नाचणाऱ्या पुष्कळ मुलांस आपल्या पणजीची भाषा समजत नाहीं. हंगेरीच्या सरकारास जुलमानें जें साधलें नाहीं, तें अमेरिकेंतील सुखानें बहुतेक घरांत दोन-तीन पिढ्यांत आपोआप घडून आलें. ही भाषा कोणी हिसकावून घेतली नाहीं. ती घरांत बोलण्याचें बंद झालें, इतकेंच.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, वारशाचें खरें स्थान रंगमंच नव्हे, घर होय. नाताळच्या पूर्वरात्रीं स्लोव्हाक कुटुंब प्रार्थना करून ‘ओप्लात्की’ नांवाची पापडीसारखी पातळ भाकर मधाबरोबर वांटून खातें. त्या जेवणास प्रेक्षक नसतात. परंतु त्या वेळीं आजीच्या तोंडची प्रार्थना नातवाच्या कानीं पडली, तर एका पिढीचा ठेवा दुसरीस पोंचतो. उत्सवानें या घरगुती चालीची गोडी लावावी, तिची जागा घेऊं नये. पिट्सबर्ग विद्यापीठांत वंशजांच्या देणग्यांच्या आधारानें स्लोव्हाक भाषा शिकविली जाते, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही नृत्याहून अधिक आशादायक वाटते.

आमच्या पालकांनींही यावरून बोध घ्यावा. समुद्र न ओलांडतांही भाषा परकी होऊं शकते. मुलांनीं इंग्रजी अवश्य शिकावी. परंतु घरीं आजी-आजोबांशीं मराठींत मोकळेपणीं बोलावें, त्यांच्या ओव्या व गोष्टी ऐकून लिहून ठेवाव्या. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेंत त्यांच्या वाणीचा मानही येतो. येत्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें असें एक तरी गाणें तोंडपाठ करून शाळेंत यावें, अशी आमची इच्छा आहे.